पॉइंटच्या रेटने अंदाज काढला आणि काम तोट्यात गेलं: मोजायचं नक्की कसं?

वायरमन_ते_कंत्राटदार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वायरिंग केलं, दोन वर्षांपासून स्वतःची कामं घेतोय. हातातलं काम मला येतं, त्याबद्दल शंका नाही. पण अंदाज काढायला मला कुणी शिकवलंच नाही. ज्यांच्याकडे होतो ते जागा बघायचे, पॉइंट (दिवा, पंखा, सॉकेट अशी प्रत्येक जोडणीची जागा) मोजायचे, ठरलेल्या रेटने गुणायचे आणि कागद पुढे करायचे. मीही तेच करत आलो. घरांच्या कामात जमलंही.

मागच्या महिन्यात एका दोन मजली ऑफिसचं काम संपलं. १८६ पॉइंट. घराच्या पॉइंट रेटमध्ये थोडी भर घालून कोटेशन दिलं होतं. माझा आतला हिशोब असा: १०० मीटरची ३८ बंडलं वायर आणि सगळ्या माणसांचे मिळून ३४० तास. तासांचा आकडा असा काढला की एका पॉइंटला १ तास ५० मिनिटं लागतात, त्याला १८६ ने गुणलं. प्रत्यक्षात ५३ बंडलं गेली, आणि हजेरीची वही घेऊन बेरीज केली तर ५०५ तास भरले. माणसं चांगली होती. कुणी टंगळमंगळ केली नाही, सामान कुठे गेलं नाही, मी स्वतः रोज जागेवर उभा होतो. सगळ्यांची मजुरी वेळेवर दिली, पण शेवटचे दोन हप्ते घरातून काढून दिले.

जागेची माहिती: स्लॅब ३.९ मीटरवर, त्याखाली ३ मीटरवर फॉल सीलिंग. बोर्ड १.२ मीटरवर, सॉकेट ०.३ मीटरवर. एसीवाले आणि फायरवाले आमच्याच वेळेला वर काम करत होते.

आता विचारायचंय ते असं. पॉइंट रेट ही पद्धतच चुकीची आहे, की मी चुकलो? तास कसे धरायचे? आणि तिसरं, त्याआधीच्या एका कामात मी २० टक्के नफा धरला होता, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तरी हिशोब बघणाऱ्यांनी १६.७ टक्के नफा दाखवला. ते ३.३ टक्के कुठे गेले?

पुढचं काम मोठं आहे, तीन मजले, चार फीडर केबल (पॅनलला मुख्य वीज आणणाऱ्या जाड केबल). ड्रॉइंग आलीत, दहा दिवसांत कोटेशन द्यायचंय. काम हवंय, पण पुन्हा असं झालं तर उभं राहता येणार नाही. कुणी सविस्तर सांगितलं तर उपकार होतील.

---

मोजपट्टी

दादा, तुम्ही हजेरीची बेरीज केलीत, यातच अर्धं काम झालंय. किती तासांचा अंदाज होता आणि किती लागले, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोलणारी माणसं मला सोळा वर्षांत फार थोडी भेटली. मी टेक-ऑफ करते, म्हणजे ड्रॉइंगवरून सगळं सामान मोजून काढते, दिवसभर हेच काम. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात वायरपासून करू, कारण तिथे काय झालं ते मला तुमच्या माहितीतच दिसतंय.

पॉइंट रेट चुकीचा नाही. पॉइंट रेट म्हणजे जुन्या कामाची सरासरी. ज्या घरांवरून तो तयार झाला त्या घरांची उंची, खोल्यांचं माप, बोर्डापासून दिव्याचं अंतर, सगळं त्यात मुरलेलं असतं. तसंच घर पुन्हा आलं तर तो बरोबर उत्तर देतो. ऑफिस आलं की तो रेट त्याच जुन्या घराचं उत्तर देत राहतो, आणि आपल्याला ते कळत नाही, कारण आकड्यावर "उंची २.९ मीटर" असं कुठे लिहिलेलं नसतं.

एकच खोली घेऊन मोजून दाखवते. ९ बाय ६ मीटरचा हॉल. १२ दिवे, चार-चारच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीला एक स्विच. ओळीतल्या दोन दिव्यांत २.२५ मीटर, दोन ओळींत २ मीटर. बोर्ड ६ मीटरच्या भिंतीवर, मधल्या ओळीच्या बरोबर समोर, १.२ मीटरवर. पाईप बोर्डावरून सरळ वर स्लॅबला जातो, तिथून मधल्या ओळीच्या पहिल्या दिव्याला, आणि तिथून दोन्ही बाजूंना.

ड्रॉइंगवर जेवढं दिसतं तेवढंच आधी मोजा. भिंतीपासून पहिला दिवा १.१२५ मीटर. तीन ओळी, प्रत्येकी ६.७५, म्हणजे २०.२५. बाजूच्या ओळींना जाणारे दोन तुकडे, ४ मीटर. बेरीज २५.४ मीटर पाईप.

आता जे दिसत नाही ते. बोर्डापासून स्लॅब: ३.९ वजा १.२, म्हणजे २.७ मीटर. आणि स्लॅबपासून फॉल सीलिंगमधल्या दिव्यापर्यंत ०.९ मीटर, असे बारा, म्हणजे १०.८. ही १३.५ मीटर उभी लांबी प्लॅनवर एक ठिपका म्हणूनसुद्धा दिसत नाही. पाईप झाला ३८.९ मीटर.

वायर बघा. बोर्डापासून पहिल्या दिव्यापर्यंत तीन स्विचच्या तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ, अशा पाच वायर. पुढे सगळीकडे तीन. म्हणजे:

बोर्डापासून पहिला दिवा, ३.८२५ मीटर गुणिले ५ = १९.१
बाजूचे तुकडे, ४ गुणिले ३ = १२
ओळी, २०.२५ गुणिले ३ = ६०.८
दिव्यांचे उतार, १०.८ गुणिले ३ = ३२.४

एकूण १२४ मीटर. यात टोकं आणि वेस्टेज अजून धरलेलं नाही.

हीच खोली तुमच्या घराच्या उंचीत ठेवा. स्लॅब २.९ मीटरवर, फॉल सीलिंग नाही, दिवा थेट स्लॅबला. बोर्डाचा चढ १.७ झाला, बारा उतार गेले. वायर ८७ मीटर. दिवे तेवढेच, स्विच तेवढेच, पॉइंट तेवढेच. ८७ च्या जागी १२४, म्हणजे ४३ टक्के जास्त. तुमची ३८ बंडलांची ५३ झाली, म्हणजे ३९ टक्के जास्त. तुमच्या ऑफिसची प्रत्येक खोली मी बघितलेली नाही, त्यामुळे सगळा फरक इथलाच असं म्हणणार नाही. पण बराचसा इथेच गेलाय.

म्हणून पुढच्या कामाला टेक-ऑफ करा. प्रत्येक दिवा, सॉकेट, बोर्ड मोजायचा, प्रत्येक पाईप मोजायचा. मी अजूनही एक प्रिंट काढून रंगीत पेन्सिली घेऊन बसते. दिव्यांना पिवळी, पॉवरला लाल, डेटाला निळी. मोजलं की त्या चिन्हावर रंग. शेवटी ज्यावर रंग नाही ते राहिलेलं, हे एका नजरेत दिसतं. पहिली मोजणी डावीकडून उजवीकडे, दुसरी उलटी, आणि दोन्हींत फरक आला तर तिसरी. संगणकावर मोजलं तरी रंगाची सवय सोडू नका. आणि सुरुवातीला एका वेगळ्या कागदावर उंचीचा तक्ता करा: कोणत्या मजल्याला स्लॅब किती, सीलिंग किती, बोर्ड किती, सॉकेट किती, पॅनलची (वीज वाटणाऱ्या मोठ्या पेटीची) वरची कड किती. प्रत्येक प्रकारच्या उताराची लांबी एकदा काढली की नुसतं नगाने गुणायचं.

आता तास. इथे तुमची चूक वायरपेक्षा मोठी आहे, आणि ती लपलेली आहे. ते १ तास ५० मिनिटं कुठून आणलीत? स्वतःच्या हाताचा वेळ मोजून आणली असतील, तर ते काम करतानाचे तास आहेत. हजेरीच्या वहीत आहेत ते पगाराचे तास. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आठ तासांची हजेरी लागते तेव्हा त्यात सामान उतरवणं, वर नेणं, ड्रॉइंग समजून घेणं, आखणी, शिडी हलवणं, आवराआवर, सगळं असतं. समजा आठातले सहा तास हात प्रत्यक्ष कामाला लागले, तर ३४० भागिले ०.७५, म्हणजे ४५३ तासांची हजेरी लागणारच होती, उंचीचा, सीलिंगचा काहीही संबंध नसताना. ०.७५ हा मी फक्त समजण्यासाठी घेतलाय. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, चार दिवस वही घेऊन उभं राहिलात की निघतो.

आणि तास पॉइंटला लावू नका, कामाच्या तुकड्याला लावा. झिरी मारणं (पाईपसाठी भिंतीत खाच पाडणं) आणि पाईप बसवणं दर मीटर. बॉक्स दर नग. वायर ओढणं दर मीटर, जाडीप्रमाणे. दिवा बसवणं दर नग, प्रकाराप्रमाणे. ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारा भाग) आणि लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) दर टोक. डीबी (मजल्यावरची वितरण पेटी) जोडणं दर सर्किट. मेगर करणं (वायरचं इन्सुलेशन मीटरने तपासणं) आणि तपासणी दर सर्किट. याला लेबर युनिट म्हणतात. अमेरिकेतल्या विद्युत कंत्राटदारांच्या नेका या संघटनेच्या लेबर युनिट्सच्या पुस्तकात प्रत्येक कामापुढे तीन रकाने असतात: नॉर्मल, डिफिकल्ट, व्हेरी डिफिकल्ट. त्यांचे आकडे आपल्या माणसांना, आपल्या हत्यारांना जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण ती तीन रकान्यांची मांडणी उचलण्यासारखी आहे. तोच पाईप मोकळ्या स्लॅबखाली, छातीच्या उंचीवर बसवणं वेगळं, आणि ३.९ मीटरवर, डाव्या हाताला एसीचा डक्ट आणि उजव्या हाताला फायरचा पाईप असताना बसवणं वेगळं. दुसऱ्या ठिकाणी माणूस शिडीवर चढतो, एक क्लँप मारतो, उतरतो, शिडी सरकवतो, पुन्हा चढतो. तुम्ही हे केलेलं आहे, तुम्हाला मी काय सांगू.

नफ्याचं उत्तर संध्याकाळी लिहिते, त्याला स्वतंत्र जागा हवी.

---

साइटवरचा

वर ताईंनी सगळं नीट लिहिलंय. पुढचं काम ड्रॉइंगवरून मोजायचंय म्हणालात म्हणून एक गोष्ट सांगतो. यात मी स्वतः पोळलोय.

एका कामात मला केबल ट्रे (केबल ज्यावरून नेतात ती धातूची पन्हळ) मोजायचा होता. ड्रॉइंगवर स्केल १:१०० लिहिलेलं. ऑफिसात प्रिंट काढून दिली, मी स्केलपट्टी १:१०० च्या बाजूने लावली आणि तीन दिवस बसून सगळ्या मजल्यांचा ट्रे मोजला. काम सुरू झालं. पहिल्याच मजल्यावर अर्ध्यात ट्रे संपला. मला वाटलं माणसांनी कापाकापीत वाया घालवला, त्यांना बोललोही. दुसऱ्या दिवशी फीत घेऊन स्वतः मोजलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. मूळ ड्रॉइंग ए१ कागदाचं होतं आणि माझ्या हातातली प्रिंट ए३ ची. ए१ ची लांबी ८४१ मिलिमीटर, ए३ ची ४२०. बरोबर निम्मी. म्हणजे कागदावर १:१०० लिहिलेलं असलं तरी ती प्रिंट १:२०० झाली होती आणि माझी प्रत्येक लांबी निम्मी आली होती. ज्या माणसांना बोललो होतो त्यांची त्याच संध्याकाळी माफी मागितली. पैसे मात्र परत आले नाहीत.

तेव्हापासून पट्टी लावायच्या आधी मी दरवाजा शोधतो. ड्रॉइंगवर ज्याची रुंदी आकड्यात लिहिलीय असा दरवाजा, किंवा दोन कॉलममधलं लिहिलेलं अंतर. ९०० चा दरवाजा पट्टीवर ९०० दिसला तर पुढे जायचं. ४५० दिसला तर ए३ आहे. साधारण ६४० दिसला तर ए२ आहे. पीडीएफवर मोजत असाल तरी हेच करा, आणि प्रत्येक पानाला करा. एकाच फाइलमध्ये प्लॅनचं पान एका स्केलचं आणि साइट लेआउटचं दुसऱ्या स्केलचं असतं.

आणि काम घ्यायच्या आधी एकदा जागेवर जाऊन या. ड्रॉइंग बघून माल कुठून वर न्यायचा ते कळत नाही. केबलचं ड्रम गेटमधून आत जातं का, फिरवायला जागा आहे का, लिफ्ट चालू असणार का, आपल्या आधी कोण काम संपवणार आणि नंतर कोण येणार. ही माहिती घेऊनच ताईंच्या तीन रकान्यांतला कोणता ते ठरतं.

---

खरेदी_विभाग

मी कंत्राटदार नाही, खरेदीच्या बाजूला बसतो, रोज कोटेशनं वाचतो. चार फीडर केबल आहेत म्हणून लिहितोय.

केबलचा भाव म्हणजे बराचसा धातूचा भाव. तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. चार कोअर (आत चार वायर असलेली), प्रत्येक कोअर ९५ चौरस मिलिमीटरची, अशी तांब्याची केबल घ्या. चार गुणिले ९५ म्हणजे ३८० चौरस मिलिमीटर, त्याचं एका मीटरचं तांबं भरतं सुमारे ३.४ किलो. १२० मीटरचा एक फीडर म्हणजे ४०८ किलो तांबं. तांब्याचा भाव रोज हलतो, आणि तुमचं कोटेशन मंजूर व्हायला महिना-दोन महिने जातात. म्हणून पुरवठादाराचा भाव किती दिवस टिकणार हे विचारा, आणि तुमच्या कोटेशनची मुदत त्यापेक्षा जास्त ठेवू नका. मी कितीतरी कोटेशनांत बघतो, पुरवठादाराची मुदत पंधरा दिवस आणि कंत्राटदाराने लिहिलेत नव्वद. मधल्या पंचाहत्तर दिवसांचा सगळा धोका त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलेला असतो.

अॅल्युमिनियमचा पर्याय आला तर नुसता केबलचा भाव बघून हो म्हणू नका. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के. तेवढाच रोध हवा तर ९५ च्या जागी १५६ चौरस मिलिमीटर लागतात, म्हणजे बाजारात मिळणारं १५० चं माप जरा कमी पडतं आणि काटेकोर बघितलं तर १८५ घ्यावं लागतं. वजन तरीही तांब्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं, त्यामुळे केबल स्वस्त पडते. पण ग्लँड मोठी, लग मोठे, ट्रे रुंद, वाकवायला जागा जास्त, आणि पॅनलमध्ये केबल घ्यायची जागाही तपासावी लागते. बाय-मेटल लग (अॅल्युमिनियम आणि तांबं जोडणारे) लागले तर तेही धरा. हे सगळं जमेला धरून मग तुलना.

साइटवरच्यांनी सांगितलेली स्केलची चूक फीडरमध्ये दुप्पट मारते. लांबी निम्मी मोजली तर व्होल्टेज ड्रॉपही (केबलमध्ये वाटेत घटणारा व्होल्टेज) निम्मा येतो, आणि आपण केबलचं मापच एक-दोन पायऱ्या खाली निवडतो. मग मीटरही कमी आणि जाडीही कमी.

पॅनलची कोटेशनं आली की बेरजेचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी प्रत्येकात काय आहे आणि काय नाही ते एका कागदावर लिहा: वाहतूक, उतरवणं, ग्लँड प्लेट, मीटर, जागेवरची चाचणी. सगळ्यात कमी आकड्यात बहुतेक वेळा यातलं काहीतरी नसतं.

---

वायरमन_ते_कंत्राटदार

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर वह्या काढून बसलो.

ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. १ तास ५० मिनिटं मी एका घरात घड्याळ लावून मोजली होती. त्या दिवशी सामान आदल्या दिवशीच वर नेऊन ठेवलेलं होतं आणि खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तो हाताचाच वेळ. तुमच्या ०.७५ ने ४५३ तास येतात, मग ५०५ पर्यंत ५२ उरतात. हजेरीच्या वहीत मी कडेला लिहीत असतो, त्यात सापडलं: एसीवाल्यांचा डक्ट होईपर्यंत थांबलो असे चार माणसांचे पाच तास, एकूण २०. आणि पहिल्या मजल्यावर डक्ट आडवा आला म्हणून दोन ओळींचे पाईप काढून पुन्हा लावले, त्याचे १४. उरलेले १८ उंचीचे असतील. हे माझ्या वहीत दोन महिने पडून होतं आणि मी माणसांच्या हाताला दोष देत होतो. बोलून दाखवलं नाही, पण मनात देत होतो.

नव्या कामाची ड्रॉइंगही तपासली. प्लॅनवरचा ९०० चा दरवाजा ९०० आला. फीडरच्या पानावर दरवाजाच नव्हता, म्हणून कॉलमचं अंतर बघितलं. लिहिलंय ६०००, पट्टीवर आलं ३०००. ते पान १:२०० चं आहे, कोपऱ्यात बारीक लिहिलंय. मी सगळ्यांना एकच पट्टी लावणार होतो.

दोन शंका. नव्या कामाचे तास काढताना ०.७५ पण लावायचे आणि वाट बघण्याचे तासही वेगळे धरायचे का? आणि नफ्याचं राहिलंय.

---

मोजपट्टी

दादा, ते कॉलमचं अंतर तपासलंत ते फार बरं झालं.

वाट बघणं दोनदा धरू नका. आधी ठरवा, ०.७५ मध्ये काय काय आहे. मी त्यात रोजचं, ठरलेलं तेवढंच ठेवते: सामान नेणं, आखणी, शिडी, आवराआवर. दुसऱ्या कंत्राटदारामुळे थांबणं आणि पुन्हा करणं हे कामागणिक बदलतं, ते मी वेगळ्या ओळीत तासांनी लिहिते. आता तुमचा ०.७५ च्या जागचा आकडा तुम्ही ५०५ वरून उलटा काढलात तर त्यात ते ३४ तास आधीच मिसळलेले असतील, म्हणून ते वजा करून ४७१ वरून काढा. तुम्ही कडेला लिहिता म्हणून हे शक्य आहे, ती सवय मोडू नका. जमलं तर नव्या कामात हजेरीसमोर कामाचा तुकडाही लिहा: पाईप, वायर, दिवे, टर्मिनेशन (टोकं जोडणं), चाचणी. एवढे पाच शब्द. काम संपलं की तुमच्याच माणसांचे लेबर युनिट तयार असतील.

ज्या तुकड्याचा वेळ नक्की ठाऊक नाही, उदाहरणार्थ फीडर ओढणं, तुम्ही आधी केलेलं नसेल तर एक आकडा धरू नका, तीन धरा. सगळं जुळून आलं तर किती, बहुधा किती, वाईट गेलं तर किती. मधल्याला चारने गुणा, तिघांची बेरीज करा, सहाने भागा. समजा १६, २४ आणि ५०. तर १६ अधिक ९६ अधिक ५०, म्हणजे १६२, भागिले ६, म्हणजे २७ तास. तुम्ही २४ धरले असते. वाईट दिवसाचं वजन त्यात आलं.

आता तुमचे ३.३ टक्के. ते कुठे गेले नाहीत, ते तुम्ही मागितलेच नव्हते. खर्च १०० असताना तुम्ही त्याचे २० टक्के वर लावले आणि १२० घेतले. हिशोब बघणारे नफा विक्रीवर मोजतात: २० भागिले १२०, म्हणजे १६.७ टक्के. विक्रीवर २० हवे असतील तर गुणायचं नाही, भागायचं. १०० भागिले ०.८०, म्हणजे १२५. आणि ओव्हरहेडही याच रांगेत येतो. ऑफिस, गाडी, हत्यारं, विमा, तुमचा स्वतःचा पगार, यांना विक्रीच्या १२ टक्के लागत असतील आणि नफा ८ हवा असेल, तर तेही मिळून २०, भागायचं ०.८० ने. तुम्ही कोटेशन काढायला घालवलेल्या रात्रीही ओव्हरहेडच आहेत, त्या फुकट धरू नका.

पॉइंट रेट फेकून देऊ नका. मालकाने नुसता नकाशाचा कच्चा कागद दाखवून "अंदाजे किती होईल" विचारलं तर तोच कामाला येतो, किंवा दर चौरस मीटरचा रेट. फक्त तेव्हा तोंडाने एक आकडा सांगू नका, इथपासून इथपर्यंत असा पट्टा सांगा. एएसीई इंटरनॅशनल या संस्थेने प्रक्रिया उद्योगांसाठी अंदाजांचे पाच वर्ग पाडलेत. पाचवा वर्ग म्हणजे जवळजवळ काहीच ठरलेलं नसताना काढलेला, त्याची वरची बाजू (खरा खर्च अंदाजाच्या किती वर जाऊ शकतो ते) अधिक ३० ते अधिक १०० टक्क्यांपर्यंत जाते. पहिला वर्ग म्हणजे सगळी ड्रॉइंग हातात असताना मोजून काढलेला, तिथे वरची बाजू अधिक ३ ते अधिक १५. तुम्ही ऑफिसच्या कामात पाचव्या वर्गाची पद्धत वापरली आणि पहिल्या वर्गासारखी सही केली. टेक-ऑफ संपला की पॉइंट रेटनेही एकदा बेरीज करून बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर कारण सापडेपर्यंत कोटेशन पाठवू नका. कधी टेक-ऑफमध्येच एक आख्खा मजला राहिलेला असतो. माझ्या बाबतीत झालंय, जिन्याचे दिवे आणि गच्ची राहिली होती, ते या उलट तपासणीतच सापडलं.

दहा दिवस आहेत तर पहिले दोन दिवस फक्त उंचीचा तक्ता आणि जागेची भेट. पुढचे पाच मोजणी. पुरवठादारांना यादी तिसऱ्याच दिवशी पाठवा, पॅनलवाले उशीर लावतात. शेवटचा दिवस मोकळा ठेवा, त्या दिवशी नवं काही मोजू नका, फक्त कोटेशनच्या खाली लिहायच्या ओळी लिहा: स्लॅबची उंची किती धरली, सीलिंग किती, कोणत्या तारखेची ड्रॉइंग, झिरी बुजवणं कुणाकडे, दुसऱ्यांमुळे थांबावं लागलं तर त्या तासांचं काय, चाचणी आणि अॅज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं ड्रॉइंग) आपल्याकडे की नाही. आणि मुदत. चार फीडरचं तांबं आहे त्यात, खरेदीवाल्यांनी सांगितलेलं ते पंधरा दिवसांचं आधी पुरवठादाराकडून लेखी घ्या.

मोजणीत कुठे अडलात तर उंचीचा तक्ता इथेच टाका, बघते.